रूफटॉप निवडताना आधी जिना बघा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. मुंबईत एक संध्याकाळ घालवायची आहे, समुद्र दिसला पाहिजे, वर मोकळं आकाश पाहिजे, तर रूफटॉप बार कसा निवडायचा?

आता सोलापुरात बसून समुद्रावरच्या गच्चीची चर्चा कशाला, असं कुणी म्हणेल. पण खरं सांगा, तुमच्या दहावीच्या वर्गातले किती जण आज सोलापुरात आहेत? निम्मे पुण्यात, उरलेल्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून तर येणंजाणं अजूनच वाढलंय. डिसेंबर आला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला नवीन नोकरी लागलेली असते. आणि मग कुणीतरी लिहितं, ‘मस्त रूफटॉप शोध की.’ आमच्या ग्रुपमध्ये शोधायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. त्यातून माझी जी पद्धत तयार झाली, ती आज सांगतो.

तसं गच्ची आपल्याला नवीन नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की गाद्या गच्चीवर. ज्यांचे जुने वाडे होते त्यांनी माळवदावर झोपायची मजा घेतलेली आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम आपण गच्चीवरूनच बघतो. म्हणजे आपल्याकडे गच्चीवरची दारू ही बघायची गोष्ट आहे, प्यायची नाही! असो.

पण घरच्या गच्चीबद्दल एक गोष्ट आपल्याला न सांगता माहीत असते. खाली उतरायचा जिना कुठे आहे. अंधारात, झोपेत, वीज गेलेली असली तरी. परक्या गच्चीवर आपल्याला नेमकं तेवढंच माहीत नसतं, आणि आपण विचारतही नाही.

सगळे जण फोटो बघून ठिकाण निवडतात. मी पाच गोष्टी बघतो. दिशा, छप्पर, जिना, बिल आणि परतीचा रस्ता. एकेक सांगतो.

पहिली, दिशा. मुंबईत ‘सी व्ह्यू’ लिहिलं म्हणजे सूर्यास्त दिसेलच असं नाही. मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू या बाजू पश्चिमेला, अरबी समुद्राकडे तोंड करून आहेत. तिथं सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. मरीन ड्राइव्हच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलचं डोम किंवा वरळीला फोर सीझन्सच्या ३४व्या मजल्यावरचं एअर, यांचं नाव झालं ते त्यासाठीच. कुलाब्यात गेटवेजवळ अपोलो बंदराच्या बाजूला बसलात, तर समोर बंदर आहे, पूर्वेला. तिथं बोटी दिसतील, नांगर टाकलेली जहाजं दिसतील, दिवे लागलेले दिसतील, सूर्यास्त मात्र पाठीमागे होईल. दोन्ही छान आहे, पण काय बघायचंय ते आधी ठरवा. वेळेचंही तसंच. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या जरा पुढेमागे मावळतो, मेमध्ये सातनंतर. डिसेंबरात सात वाजताचं टेबल घेऊन सूर्यास्ताची वाट बघायला बसू नका.

दुसरी गोष्ट, छप्पर. इथं जरा नीट ऐका.

मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत राहतो. म्हणजे उघड्या गच्चीचा धंदा वर्षातले जवळजवळ चार महिने अडचणीत. मग मालक काय करणार? बांबू लावणार, ताडपत्री टाकणार, बाजूनं प्लास्टिकचे पडदे सोडणार, शोभेसाठी आतून कापड लावणार. पाऊस गेला तरी ते सगळं तसंच राहतं, कारण थंडीत वारा अडतो, उन्हाळ्यात ऊन अडतं. आता तांत्रिकदृष्ट्या बघा. गरम धूर वर जातो. वर आकाश असेल तर तो निघून जातो. वर छप्पर असेल तर तो छताखाली पसरतो, जाड होतो आणि मग खाली उतरायला लागतो, माणसाच्या तोंडापर्यंत. म्हणजे ताडपत्री पडली की ती गच्ची राहत नाही. ती वरच्या मजल्यावरची एक बंद खोली होते. तीही पेट घेणाऱ्या भिंतींची.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २९ डिसेंबर २०१७. लोअर परळचं कमला मिल कंपाउंड. रात्री साडेबाराच्या सुमाराला मोजोज बिस्ट्रो आणि वन अबव्ह या शेजारी शेजारी असलेल्या गच्चीवरच्या दोन ठिकाणी आग लागली. १४ माणसं गेली, त्यात ११ बायका. अग्निशमन दलाच्या अहवालात कारण दिलं होतं ते हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांचं. बांबू आणि ताडपत्रीनं आग भराभर पसरवली. मेलेल्यांपैकी बरेच जण भाजून नाही, गुदमरून गेले. आणि अनेक जण सापडले ते स्वच्छतागृहात. बाहेर कुठून पडायचं ते कळलं नाही, म्हणून आग येणार नाही अशा वाटणाऱ्या जागेत ते शिरले, आणि तिथून पुढे वाटच नव्हती.

लक्षात घ्या, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई महापालिकेनं गच्चीवरच्या हॉटेलांसाठीचं धोरण मंजूर केलं होतं. दोन महिनेही झाले नव्हते. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदीचा कायदाही आला. म्हणजे कागद होता, कागद आला, पण त्या रात्री त्या जिन्यापर्यंत कागद कुणाला घेऊन गेला नाही.

आणि हे २०१७ पुरतंच आहे असं समजू नका. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली. २५ जण गेले, बहुतेक तिथं काम करणारीच माणसं. आणि लांब कशाला, मे २०२५ मध्ये आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. तो बार नव्हता, गच्ची नव्हती. पण त्या दिवशी सोलापुरात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘बाहेर का पडता आलं नाही?’ हा प्रश्न नंतर विचारण्यापेक्षा टेबल बुक करताना विचारलेला बरा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर तिसरी गोष्ट, जिना. लिफ्ट नाही, जिना. आगीत लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे वर नेणारा तो चकचकीत काचेचा डबा परत येताना हिशोबात धरायचाच नाही. मी फोनवर तीन प्रश्न विचारतो. वर उघडं आहे की झाकलेलं? जिने किती, आणि एकमेकांपासून लांब आहेत का? पाऊस आला तर टेबलं कुठे हलवता? तिसरा प्रश्न विचारला की पहिल्याचं खरं उत्तर आपोआप मिळतं. ‘काही काळजी नाही सर, पूर्ण कव्हर्ड आहे’ असं उत्साहानं सांगतात. मग मी दुसरीकडे फोन लावतो.

पोहोचल्यावर बसायच्या आधी मी हात धुवायला म्हणून उठतो आणि जिन्यापर्यंत जाऊन येतो. दोन मिनिटांचं काम. दार उघडतंय का, कुलूप आहे का, पायऱ्यांवर बिअरचे क्रेट, मोडक्या खुर्च्या, सिलिंडर रचलेत का. एका पोऱ्याला विचारतो, ‘दादा, इथून खाली जाता येतं का?’ त्यानं लगेच हात करून दाखवलं तर छान. तो मॅनेजरला विचारायला गेला, तर समजायचं की त्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि गडबड झाली तर आपल्याला वाट दाखवणारा तोच असतो.

उंचीचं काय? चौथा मजला चांगला की चौतिसावा? उंच इमारतींमध्ये नियमाप्रमाणे ठराविक अंतरावर रेफ्यूज एरिया ठेवावा लागतो, बंदिस्त जिने असतात, पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रणा असते. जुन्या चार मजली इमारतीवर नंतर चढवलेल्या गच्चीला बऱ्याचदा एकच लाकडी किंवा लोखंडी जिना असतो. त्यामुळे मजला मोजू नका, जिने मोजा.

एक मित्र मला म्हणाला, ‘काय बे, मजा करायला चाललोय का सेफ्टी ऑडिटला?’ बरोबर आहे त्याचं. सगळ्यांनी हे करायची गरजच नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक शिस्त असते. नवीन गोष्ट लाइव्ह करायच्या आधी ती मागे कशी घ्यायची हे लिहून ठेवायचं. शुक्रवारी संध्याकाळी सगळं कोसळल्यावर ते सुचत नाही. इथंही तसंच आहे. जो बुकिंग करतो त्यानं ते आधी बघायचं, म्हणजे बाकीच्या सात जणांना निवांत बसता येतं.

आणि बुकिंगच्या आधीच का, ते सांगतो. आठ जण बसलेत, कव्हर चार्ज भरलाय, स्टार्टर आलेत, फोटो काढून झालेत. आता ‘इथं ठीक वाटत नाही, चला उठू’ असं म्हणायची कुणाची हिंमत होते? आपल्या माणसांत तर नाहीच. मुलींना तर पटकन ‘घाबरट’ म्हणून मोकळे होतात. ‘आता बसलोय तर बसू’ हे वाक्य फार महाग पडू शकतं. त्यामुळे नकार द्यायचा तो पैसे देण्याआधी.

चौथी गोष्ट, बिल. ही सोपी आहे. मेन्यूतल्या किमतीवर जाऊ नका. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. १ नोव्हेंबर २०२३ पासून साध्या बारमध्ये तो ५ टक्क्यांचा १० टक्के झाला. खाण्यावर साधारण ५ टक्के जीएसटी, पण खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलात १८ टक्के. सर्व्हिस चार्ज मात्र बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. चांगलं वाढलं असेल तर खुशीनं टिप द्या, ती पोरं रात्री दोनपर्यंत उभी असतात. आणि ग्रुपमध्ये कुणी लहान असेल तर वयाचंही बघा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ पूर्ण लागतात. न पिणारेही ग्रुपमध्ये असतातच. त्यांच्यासाठी नीट खायला मिळतं का, हे विचारायला विसरू नका.

इथंच एक जोडतो. उघड्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकरला परवानगी नाही, नियम २००० सालचा आहे. एखादं रूफटॉप तुम्हाला ‘रात्रभर डीजे’ सांगत असेल, तर एकतर ते बंदिस्त आहे किंवा ते नियम मोडतायत. दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची आहेत.

पाचवी गोष्ट, परत जाणं. गाडी चालवणाऱ्यानं प्यायची नाही, यावर चर्चा नको. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘एकच घेतली’ हे त्या मशीनला कळत नाही. लोकल मध्यरात्रीनंतर थांबते ती पहाटे चारनंतर सुरू होते, मधल्या वेळेत टॅक्सीचे पैसे धरून चला. आणि त्याच रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापूरला यायचं असेल, तर कुलाबा किंवा मरीन ड्राइव्हच निवडा, सीएसएमटी जवळ पडतं. वरळी-जुहूला जाऊन ट्रॅफिकमध्ये घड्याळ बघत बसू नका. डिसेंबरात सहाला सूर्यास्त, मग दोन-अडीच तास गप्पा, मग स्टेशन. हिशोब नीट बसतो.

आणि एवढं सगळं करून मनासारखं ठिकाण मिळालंच नाही तर? मरीन ड्राइव्हचा कठडा आहे की. समोर तोच समुद्र, डोक्यावर तेच आकाश, तिकीट नाही, टेबल नाही. तिथं बाटली काढायची नाही, कणीस घ्यायचं, चहा घ्यायचा. संध्याकाळ वाया जात नाही.

आता आपल्याकडेही गच्चीवरची हॉटेलं दिसायला लागलीत. बहुतेक ठिकाणी दारू नसते, कुटुंबं जातात, लेकरं पळत असतात. वरचे पाचही मुद्दे तिथं लागू नाहीत, पण दुसरा आणि तिसरा नक्की आहे. पुढच्या वेळी वाढदिवसाला जाल तेव्हा वर हिरवं शेडनेट आहे की पत्रा आहे की ताडपत्री, आणि खाली जायला अजून एक वाट आहे का, एवढं बघा. नसेल तर मालकाला शांतपणे सांगा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो क्रेट हलवतो, हा माझा अनुभव आहे. तपासणी करायला अधिकारी कधीतरी येतो, गिऱ्हाईक रोज येतं.

तुमच्या शहरात कुठे असं नीट, उघडं, दोन जिन्यांचं रूफटॉप असेल तर मला जरूर कळवा, पुढच्या भागात सांगेन. आजच्यापुरतं एवढंच. भेटू, काळजी घ्या.