मनोरुग्णास रुग्णालयांत ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

एखाद्या सुशिक्षित घरांतील तरुण मुलगा कोणाशीं बोलेनासा होतो, रात्रभर येरझारा घालतो, आईनें वाढलेल्या अन्नांत विष आहे म्हणून ताट दूर लोटतो. औषध घ्यावयास तो तयार नाहीं, कारण आपण आजारी आहों हेंच त्याला मान्य नाहीं. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला रुग्णालयांत ठेवतां येईल काय? आणि तें ठरवावयाचें कोणीं? बापानें, डॉक्टरानें कीं न्यायाधीशानें? श्रोतेहो, हा प्रश्न पुष्कळ घरांत दबल्या आवाजांत विचारला जातो. आज तो उघडपणें विचारूं.

इ. स. १९१२ च्या 'इंडियन ल्यूनसी ॲक्टा'चें उत्तर सरळ होतें. नातलगानें मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावयाचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडावयाचे. मॅजिस्ट्रेटची खात्री पटली कीं 'रिसेप्शन ऑर्डर' निघे. १९८७ च्या कायद्यानें 'वेडा' हा शब्द काढला, पण हुकूम मॅजिस्ट्रेटच्याच हातीं राहिला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलांत आला आणि त्यानें हा पायाच हलविला. उपचारांची माहिती समजण्याची, निर्णयाचे परिणाम जाणण्याची किंवा आपला निर्णय कळविण्याची शक्ति ज्याला आहे, त्याला हा कायदा निर्णयक्षम मानतो. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाहीं. हें वाक्य वडीलमंडळींना रुचणारें नाहीं, हें मी जाणतों.

मग सक्ति केव्हां? आजार तीव्र असला पाहिजे, दाखल करण्याहून सौम्य मार्ग उरलेला नसावा, आणि पुढील तीनपैकीं एक गोष्ट दिसली पाहिजे: रोग्यानें अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली वा प्रयत्न केला, किंवा दुसऱ्यावर हात टाकला वा त्याला इजेचें भय उत्पन्न केलें, किंवा स्वतःची काळजी घेण्यास तो इतका असमर्थ झाला कीं त्यामुळें त्याला अपाय होण्याचा धोका आहे. खरा पेंच या तिसऱ्या कसोटींत आहे. स्नान न करणें, नोकरी सोडून घरीं बसणें, शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटेल असें वागणें, एवढें पुरेसें नाहीं. परंतु अन्नपाणी टाकून देह झिजत चालला, तर तें पुरेसें होऊं शकेल. मधल्या अवस्थेंतील कुटुंबाला धोका दाराशीं येईपर्यंत वाट पाहावी लागते, ही तक्रार मला खोटी वाटत नाहीं. पण ती कसोटी सैल केली तर दार कोणाकोणासाठीं उघडेल, याचाही विचार करावा. नकोशी झालेली बायको, वांट्याला आलेला भाऊ, मनाविरुद्ध लग्न करणारी मुलगी यांनाही 'काळजीपोटीं' आंत ढकलणारे असतात. म्हणूनच समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशीं न जुळणें हा मानसिक आजाराचा पुरावा मानूं नये, असें कायद्यानें स्पष्ट म्हटलें आहे.

दाखल करतेवेळीं दोघांनीं स्वतंत्रपणें तपासावें लागतें. त्यांतील एक मानसोपचारतज्ज्ञ असावा. अर्ज रोग्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीनें करावयाचा. मुदत ३० दिवस. दाखल केल्याची वर्दी पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयी असल्यास ३ दिवसांत द्यावी लागते, आणि रोगी स्वतः मंडळाकडे दाद मागूं शकतो. ३० दिवसांपलीकडे ठेवावयाचें तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचें मत व मंडळाची संमति हवी. ती प्रथम ९० दिवसांपुरती, मग १२०, पुढें दर वेळीं १८०.

मॅजिस्ट्रेट मात्र पुरता निघून गेलेला नाहीं. पोलिसांना भटकतांना सांपडलेला किंवा घरांत छळ होत असलेला रोगी त्याच्यापुढें आला, तर तपासणीसाठीं त्याला फार तर १० दिवस रुग्णालयांत ठेवण्याचा हुकूम तो देऊं शकतो. तेवढ्या दिवसांत डॉक्टरांनीं अहवाल द्यावयाचा; नंतर वरील नियम लागू. अशा माणसाला कोठडींत वा तुरुंगांत डांबतां येत नाहीं. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगांत ठेवणें घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें शीला बारसे यांच्या खटल्यांत १९९३ सालींच दिला होता. घटस्फोटासारख्या दाव्यांत एका पक्षानें दुसऱ्याच्या मानसिक आजाराचा पुरावा पुढें केला व दुसऱ्यानें तो नाकारला, तरीही न्यायालयानें तो प्रश्न मंडळाकडे तपासणीस पाठवावयाचा असतो.

आतां एक व्यवहाराची गोष्ट. हा 'नामनिर्देशित प्रतिनिधि' आपण शहाणे असतांनाच नेमून ठेवतां येतो. साध्या कागदावर त्याचें नांव लिहून सही किंवा अंगठा केला कीं झालें. लग्नाचा मुलगा असो, विधवा आत्या असो वा घरचे कर्ते पुरुष असोत, ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याचें नांव लिहावें. मनांत आलें तर तें पुढें बदलतांही येतें.