दोन शर्करा आणि मधला विराम
(हीरक महोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या आतड्यात वास करणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूविषयी मी आज बोलणार आहे. १९४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जाक मोनो जीवाणूंना दोन शर्करा एकत्र देऊन त्यांची वाढ मोजत होते. जीवाणूंनी आधी एक शर्करा संपवली. मग वाढ थांबली आणि काही वेळाने दुसऱ्या शर्करेवर पुन्हा सुरू झाली.

ग्लुकोज आणि दुधातील लॅक्टोज एकत्र दिले, तरी असेच घडते. ग्लुकोज असेपर्यंत लॅक्टोज पचवणारी जनुके जवळजवळ निद्रिस्त असतात. ते संपल्यावर ती जागी होतात आणि आवश्यक विकरे तयार होऊ लागतात. या नियंत्रणाची उकल मोनो आणि फ्रांस्वा जाकोब यांनी १९६१ मध्ये मांडली. १९६५चे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळाले.

मात्र या जीवाणूचे सर्व वाण सारखे नसतात. एका वाणात लॅक्टोज तोडणाऱ्या विकराचे जनुक बिघडलेले असते, दुसऱ्यात ते पेशीत आणणाऱ्या प्रथिनाचे. तिसऱ्यात नियंत्रक जनुकच बिघडल्याने लॅक्टोज नसतानाही विकर तयार होत राहते आणि शक्ती वाया जाते. मॅकॉंकी माध्यमावर लॅक्टोज पचवणाऱ्यांच्या वसाहती गुलाबी दिसतात, न पचवणाऱ्यांच्या फिकट.

पालकहो, आपण मला वारंवार विचारता, “मराठीतून शिकलेले मूल पुढे इंग्रजी महाविद्यालयात मागे पडेल का?” पहिले काही महिने ते अडखळते, हे मी नाकारणार नाही. येथे बसलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी ते महिने अनुभवले आहेत. पण तो विराम म्हणजे असमर्थता नव्हे. नवे साधन घडवण्याचा तो काळ आहे. त्या काळात मुलाला उणे लेखू नका.

तरीही प्रत्येक विराम सारखा नसतो. जनुक बिघडलेला जीवाणू कितीही थांबला, तरी त्याला लॅक्टोज पचत नाही. त्याचप्रमाणे ज्या मुलाला इंग्रजीचा पाया मिळालेलाच नाही, त्याला नुसता धीर देऊन भागणार नाही. तो पाया येथेच घालणे हे आमचे कर्तव्य आहे. जीवाणूला जे उपजत लाभत नाही, ते त्याला कोणी शिकवू शकत नाही; मुलाला शिकवता येते. शाळा असते ती त्यासाठीच.