थंड इंजिन आणि होडीचा तळ



1886 सालच्या उन्हाळ्यात जर्मनीतील कानश्टाट येथे गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी आपले छोटेसे पेट्रोल इंजिन एका होडीत बसविले आणि ती नेकार नदीवर चालवून पाहिली. त्या काळी लोकांना पेट्रोलची मोठी धास्ती वाटे. म्हणून डाइमलरने होडीच्या कडेने चिनी मातीचे खुंट व तारा लावून ती विजेवर चालत असल्याचा देखावा केला, अशी हकीगत सांगितली जाते. हकीगत गमतीची खरी. पण त्या धास्तावलेल्या माणसांना हसावे असे मला वाटत नाही. त्यांची भीती अस्थानी नव्हती, एवढेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

मी यंत्रज्ञ नव्हे. मराठीची विद्यार्थिनी आणि व्यवसायाने भाषांतरकार. अंतर्दहन इंजिनांवरील एका पुस्तकाचे भाषांतर करताना होडीच्या पोटात बसविलेल्या पेट्रोल इंजिनाचे प्रकरण माझ्या वाट्यास आले. त्यात एक साधे वाक्य होते: इंजिन सुरू करण्यापूर्वी वायुवीजनाचा पंखा चार मिनिटे चालवावा. मी पहिल्या खर्ड्यात लिहिले, ‘इंजिन सुरू करताना पंखा चालवावा.’ वाक्य मराठी होते, सुटसुटीत होते आणि प्राणघातक होते. ‘करताना’ आणि ‘करण्यापूर्वी’ यांत काय अंतर आहे, हे समजण्यासाठी थंड इंजिनाचा स्वभाव थोडा पाहावा लागेल.

तो आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ज्यांनी कार्ब्युरेटरची स्कूटर वापरली, त्यांना थंडीच्या पहाटे चोक ओढून किक मारीत राहणे, मग स्कूटर एका अंगास कलती करून पुन्हा किक मारणे, हे सारे आठवत असेल. (त्या प्रकरणात ‘चोक’ला मी प्रथम ‘श्वासरोधक’ असा शब्द योजला होता. संपादकांनी तो खोडला, हे उपकारच झाले.)

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही; जळते ते त्याचे बाष्प. चालत्या, तापलेल्या इंजिनात वजनाने सुमारे पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल पुरते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलातील हलका अंश तेवढा बाष्परूप होतो. उरलेले थेंब नळीच्या गार भिंतींवर चिकटून राहतात. त्यातच सुरुवातीचे फेरे मंद, त्यामुळे कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या हवेस वेग नाही, आणि वेग नाही म्हणून तोटीतून पेट्रोल ओढले जात नाही. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरील एक झडप. ती मिटली की दट्ट्यांची सारी ओढ पेट्रोलच्या तोटीवर पडते आणि कितीतरी अधिक पेट्रोल आत येते. त्यातील थोडे बाष्प होते, तेवढे ठिणगीला पुरते. थोडक्यात, थंड इंजिन सुरू करणे म्हणजे जाणूनबुजून पेट्रोलची उधळपट्टी करणे होय.

रस्त्यावर या उधळपट्टीचे विशेष काही बिघडत नाही. सांडलेल्या पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ते वाहनाखालून जमिनीवर उतरते आणि वाऱ्याने पांगते. होडीचे तसे नाही. होडी ही एक वाटी आहे. बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून ती निश्छिद्र केलेली असते, आणि म्हणूनच आतले जड बाष्पही बाहेर जाऊ शकत नाही. ते तळच्या खोलगट जागेत, जिला नाविक बिल्ज म्हणतात, पाण्यासारखे साचून राहते. हवेत त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की ते पेट घेऊ शकते. आणि इंजिन सुरू करणारी विजेची मोटर बहुधा तेथेच, त्या वाटीच्या तळाशी फिरते.

आता माझ्या ‘करताना’कडे पाहा. पंखा आणि मोटर एकाच वेळी सुरू केली, तर बाष्प जागेवर असतानाच ठिणगी पडण्याचा संभव उरतो. चार मिनिटे आधी पंखा चालला, तर त्याची तळापर्यंत सोडलेली नळी ते जड बाष्प उपसून बाहेर टाकते. अमेरिकेत 31 जुलै 1980 नंतर बांधलेल्या पेट्रोल इंजिनाच्या होड्यांना असा पंखा आणि चार मिनिटांच्या सूचनेची पाटी, दोन्ही बंधनकारक आहेत. कार्ब्युरेटरच्या तोंडावर उलटी ज्वाला अडविणारी जाळी हवी, हा नियम तर 1940 पासूनचा. अर्थात पंख्याच्याही आधी झाकण उघडून नाकाने वास घ्यावयाचा असतो. पेट्रोलचा उग्र वास आला, तर कोणत्याही बटणाला हात लावावयाचा नाही. गळती आधी शोधावयाची.

एक नेमके उदाहरण घेऊ. ‘ॲटॉमिक फोर’ नावाचे चार सिलिंडरांचे इंजिन अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने 1947 पासून 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनविले. शिडाच्या होड्यांत ते हजारोंनी बसले आणि त्यांतील कित्येक अजून चालत आहेत. याचा कार्ब्युरेटर खाली बसविलेला असून हवा त्यातून वर चढते. चोक ओढून उगाच फार वेळ मोटर फिरविली, तर जादा पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडातून थेट खाली ठिबकते. म्हणजे ज्या तळातून आपण आताच बाष्प उपसले, त्याच तळात. आपल्याकडील मेकॅनिक ज्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतो, ते स्कूटरवर कपाळास आठी आणते. येथे मात्र पंख्याची चार मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

म्हणून जाणकार माणूस मोटर कमीत कमी फिरविण्याच्या खटपटीत असतो. होडी काही आठवडे उभी राहिली असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून गेलेले असते. पेट्रोलच्या पंपाला हाताने हलविण्याची एक छोटी दांडी असते. ती काही वेळा खालीवर केली की वाटी भरते, आणि बॅटरीचा व्यर्थ खर्च टळतो. मग गिअर मोकळा ठेवून चोक पूर्ण ओढावा, थ्रॉटल किंचित उघडावे आणि मोटर काही सेकंदच फिरवावी. इंजिन फुरफुरले की चोक अर्धा आत सारावा. फार पेट्रोल झालेच, तर चोक पूर्ण उघडून, थ्रॉटलही पूर्ण उघडून हवा भरू द्यावी. मात्र हात थ्रॉटलवरच असावा, कारण इंजिन एकाएकी जागे होऊन भरधाव सुटते.

या होड्यांत आणखी एक घातक गोष्ट आहे. पुस्तकात तिला दोनच ओळी मिळाल्या आहेत, हा मला अन्याय वाटतो. इंजिन थंड ठेवणारे समुद्राचे पाणी ओढणारा पंप इंजिनाच्याच गतीने चालतो. ते पाणी शेवटी सायलेन्सरमध्ये जाते आणि जळालेल्या वायूच्या जोराने बाहेर फेकले जाते. इंजिन नुसतेच फिरत राहिले आणि पेटले नाही, तर पाणी येत राहते, पण त्याला बाहेर ढकलणारा वायू नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे फिरून सिलिंडरांत शिरते. दोन-तीन प्रयत्नांत जे इंजिन सुरू झाले नाही, त्याची समुद्रजलाची तोटी बंद करून मगच पुढचा प्रयत्न करावा. परंतु इंजिन पेटताच ती तोटी तत्काळ उघडली पाहिजे; कारण पंपातील रबरी पात्यांचे चक्र कोरडे फिरले, तर थोड्याच वेळात त्याचे तुकडे होतात. तोटी बंद केली की किल्ली काढून तिच्यावर टांगावी, म्हणजे ती उघडल्यावाचून पुढचा प्रयत्न होणार नाही, असे कोणी सुचवील. ती सोय येथे उपयोगी नाही, कारण प्रयत्न तोटी बंद ठेवूनच करावयाचा असतो. येथे दुसरा माणूस तोटीपाशी बसविणे, हाच खरा उपाय.

आपल्या कोकणपट्टीवरील यांत्रिक मच्छीमारी नौका बहुतांशी डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात कार्ब्युरेटर नाही, चोक नाही, पेटविण्यासाठी ठिणगीही नाही. आणि डिझेलचे बाष्प नेहमीच्या तापमानास सहसा पेट घेण्याइतके साचत नाही. म्हणून हे सारे आपल्या नाखव्यांना परके वाटेल. पण जुनी पेट्रोलची होडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना परके मानून चालणार नाही.

इंजिन सुरू झाल्यावर प्रथम तेलाचा दाब पाहावा आणि मग मागे वाकून धुराच्या नळीकडे पाहावे. धुराबरोबर पाण्याचे हबके पडू लागले पाहिजेत. ते अर्ध्या मिनिटात दिसले नाहीत, तर कितीही कष्टाने सुरू केलेले असले, तरी इंजिन बंद करावे. पडू लागले, तर चोक हळूहळू आत ढकलीत राहावे. पंखा मात्र होडी धक्क्यापासून सुटून वेग घेईपर्यंत चालूच ठेवावा. माझ्या खर्ड्यातील ते वाक्य आता छापील पानावर ‘इंजिन सुरू करण्यापूर्वी पूर्ण चार मिनिटे’ असे आहे. ‘पूर्ण’ हा शब्द मुळात नाही, तो माझा.