हॉब्सनच्या तबेल्यातला घोडा

इंग्रजीत 'हॉब्सन्स चॉइस' असा एक वाक्प्रचार आहे. समोर एकच वस्तू ठेवायची आणि म्हणायचं, घ्यायची तर ही घ्या, नाहीतर चालू लागा! निवड नुसती नावाला.

हा हॉब्सन खराखुरा माणूस. थॉमस हॉब्सन केंब्रिजहून लंडनला टपाल आणि माल पोचवायचा, शिवाय घोडे भाड्याने द्यायचा. सेंट कॅथरिन्स कॉलेजपाशी त्याचा तबेला होता, त्यात चाळीसेक घोडे. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः विद्यापीठातली तरणी पोरं. ज्याला त्याला सगळ्यांत चपळ घोडा हवा. आणि घोडा पडला भाड्याचा, मग टाच मारताना हात आखडतोय कोण? चांगली जनावरं धापा टाकत परतायची, की पुढचा गडी पुन्हा त्यांच्यावरच बोट ठेवायचा.

हॉब्सनने मग नियमच घातला. दारापाशी जो घोडा उभा असेल तोच मिळेल. दौडून आलेलं जनावर रांगेत शेवटी जाई. त्याची पाळी येईपर्यंत दाणापाणी आणि विसावा. मला हा माणूस फार आवडतो. लोकांनी त्याच्या नावावर हेका तेवढा ठेवला, मुक्या जनावरांची कणव मात्र गाळून टाकली.

१६६० सालच्या एका पुस्तकात 'हॉब्सन्स चॉइस' हे शब्द म्हण म्हणूनच येतात. तबेल्याची हकीकत १७१२ मध्ये 'स्पेक्टेटर' या पत्राने रंगवून छापली. म्हणींच्या जन्मकथांना असा आधार क्वचितच सापडतो. धो धो पावसाला इंग्रज 'कॅट्स अँड डॉग्ज' म्हणतात, कारण म्हणे गवती छपरांवर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून पडत! ऐकायला झकास, पण पुराव्याच्या नावाने शून्य. अशी कथा कुणी सांगितली, तर आधी विचारावं, हे कुठे नि कधी लिहिलेलं सापडतं?

१६३० साली केंब्रिजमध्ये प्लेग आला आणि हॉब्सनच्या गाड्या थांबवण्यात आल्या. पुढच्या जानेवारीत तो गेला, वय शहाऐंशीच्या घरात. तेव्हा तिथे शिकत असलेल्या जॉन मिल्टनने त्याच्यावर दोन मिस्कील कविता लिहिल्या. हा गडी सतत रस्त्यावर होता तोवर मृत्यूला सापडत नव्हता. घरी बसला, आणि मृत्यूने त्याला गाठलं, असा त्यांचा सूर आहे.