परसदारची सीतेची वेणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही वनस्पतिशास्त्राची पंडित नव्हे. पण गेली कित्येक वर्षं परसदारच्या आंब्यावर सीतेची वेणी वाढवते आहे, म्हणून तिच्याविषयीच बोलते. विषय फुलाचा असला तरी शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या सावंतवाडीच्या बाजूला हे फूल कुणाला नवीन नाही. मे महिना सरत आला, आभाळ भरू लागलं की जुन्या आंब्या-फणसावरून हातभर लांबीचे गुलाबी-पांढरे तुरे लोंबू लागतात. एकेका तुऱ्यात शंभरावर फुलं दाटीनं बसलेली असतात. कुणी घट्ट वेणी घालून खाली सोडावी तसं दिसतं. शास्त्रात हिचं नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. लिनियसनं 1753 साली हिचं वर्णन केलं आणि पुढे ब्लूमनं हिला आजचं नाव दिलं. भारत, श्रीलंका, नेपाळपासून थायलंड, इंडोनेशिया, फिलिपाइन्सपर्यंत ही आढळते. आसामात हिला कपौ फूल म्हणतात. तिथं एप्रिलच्या मध्याला बिहूचा सण येतो, तेव्हा नाचणाऱ्या मुली ही फुलं अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचं हे मानाचं राज्यपुष्प आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरी हिला बांडगूळ समजून कोयता लावतात!

तर पहिली गोष्ट हीच, की ही बांडगूळ नव्हे. बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत शिरतं. जिथं शिरतं तिथं फांदीला गाठ येते. ते झाडाच्या अंगातलं पाणी नि क्षार शोषून घेतं आणि पुढे फांदी वाळते. सीतेच्या वेणीची मुळं सालीला नुसती बाहेरून बिलगलेली असतात. बोटानं हलकेच उचलून बघा, आत काही शिरलेलं दिसणार नाही. पावसाचं पाणी, दंव, सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर तिचा संसार चालतो. बांडगूळ म्हणजे आपल्या कोठीत शिरलेला चोर, आणि ही म्हणजे ओसरीवर टेकलेली वाटसरू. झाडाकडे ती फक्त बसायला जागा मागते.

आता ओळखायची कशी ते सांगते. पानं जाड, लांबट, पन्हळीसारखी मध्ये खोलगट, देठाच्या दोन्ही अंगांना एकाआड एक बसलेली. पानाचं टोक निमुळतं नसून कातरल्यासारखं बोथट असतं. ‘रेटुसा’ या नावाचा अर्थच तो. मुळं चांगली जाड, कोरडी असताना रुपेरी पांढरी, पाणी पडलं की हिरवी होतात. फुलं बोटाच्या पेराएवढी, पांढरी, वर जांभळट गुलाबी ठिपके, आणि पुढची पाकळी गडद.

हिच्यासारखी दिसणारी आणखी दोन झाडं आपल्याकडे आहेत. एक वांडा, जिच्या मुळांना काही ठिकाणी रास्ना म्हणतात. तिचा दांडा वर उभा राहतो, फुलं मोजकीच, पिवळट-तपकिरी जाळीची. दुसरी एरिडिस. तिची फुलं गुलाबी नि सुवासिक, पण तुरा विरळ, पुष्कळदा फाटे फुटलेला, आणि पुढची पाकळी चांगली मोठी. फुलं नसताना तिन्हींची पानं फसवतात. म्हणून बहर पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

लावणीचं म्हणाल तर पहिला नियम असा, की हिला माती लागत नाही. मातीच्या कुंडीत घातली की मुळं कुजलीच समजा. मृगाच्या आगेमागे, पाऊस लागता लागता, खरबरीत सालीच्या फांदीवर हिला बांधावी. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी पानांची जाळीदार सावली राहील अशी बाजू निवडावी. बांधायला जुन्या सुती लुगड्याची पट्टी घ्या. मुळं सालीला धरेपर्यंत ती टिकते आणि मग आपोआप कुजून गळते. तार कधी वापरू नका, ती मुळं कापते. ज्यांना परसू नाही, गच्ची किंवा गॅलरीच आहे, त्यांनी लाकडी पट्ट्यांची टोपली टांगावी. तीत कोळशाचे नि विटेचे मोठे तुकडे घालावेत. नारळाचं सोडण वापरायचं तर आधी चार-सहा दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावं.

पाणी सकाळी घालावं. उन्हाळ्यात रोज, थंडीत बेतानं, पावसाळ्यात उघड्यावर असेल तर मुळीच नको. संध्याकाळपर्यंत मुळं सुकली पाहिजेत. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर शेंडा कुजतो. खत द्यायचं तर पाण्यात विरघळणारं घ्यावं आणि पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव हिश्शानं पंधरा दिवसांतून एकदा शिंपडावं. पानं काळपट हिरवी होऊन फूल येत नसेल तर ऊन कमी पडतंय. पिवळट होऊन डाग पडू लागले तर ऊन जास्त झालंय. आणि एकदा जागा ठरली की सारखी हलवू नका. नव्या जागी मुळं धरण्यात तिचा काळ जातो आणि बहर चुकतो.

आता माझं मागणं. घाटाच्या वाटेवर, बाजारात, ही झाडं जुड्या बांधून विकायला येतात. स्वस्त मिळतात म्हणून आपण हौसेनं घेतो. पण ती रानातून ओरबाडलेली असतात. मुळं तुटलेली, सालीचे तुकडे तसेच चिकटलेले, पानं जून आणि किडीनं खाल्लेली. घरी आणल्यावर त्यांतली फार थोडी जगतात. रानात मात्र त्यांची जागा लवकर भरून येत नाही. हिचं बी धुळीसारखं बारीक. त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते. एका सूक्ष्म बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि रुजल्यावर फुलावर यायला वर्षानुवर्षं जातात. राखीव जंगलातून झाडं काढणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हाही आहे. विकणाऱ्या बाईवर मी रागावत नाही, तिला पोट आहे. पण घेणारे हात आपले असतात, आणि ते आवरणं आपल्या हातात आहे.

मग रोप आणायचं कुठून? प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली रोपं चांगल्या रोपवाटिकेत मिळतात. बुरशीवाचून, साखरेच्या पोषक माध्यमावर आमरीचं बी रुजवता येतं हे नडसन यांनी 1922 साली दाखवून दिलं, तेव्हापासून ही वाट खुली झाली. अशी रोपं जाळीच्या लहान कुंड्यांत, सारख्या वाढीची, शाबूत मुळांची असतात. दोन पैसे जास्त पडतील, पण झाड जगेल.

दुसरी वाट आपल्या दारातलीच आहे. रस्ता रुंद करायला, घर बांधायला, आळीतली जुनी झाडं तुटतात. तोडलेल्या फांद्या सरपणात जातात आणि त्यांवरच्या वेण्याही चुलीत जातात. माझ्या आंब्यावरची पाच झाडं अशाच एका पाडलेल्या फणसावरची आहेत. मालकाला विचारून सालीसकट सोडवून आणली. दोन पावसाळे नुसती बसून होती, तिसऱ्या वर्षी दोघींना तुरे आले.

तेव्हा मंडळानं एवढं मनावर घ्यावं. आपल्या आळीत झाड तुटणार असं कळलं की दोघीतिघींनी आदल्या दिवशी जाऊन मालकाची परवानगी घ्यावी, वरच्या वेण्या उतरवाव्यात आणि ज्यांच्याकडे परसू आहे त्यांच्या झाडांवर बांधाव्यात. उरलेल्या शाळेच्या आवारातल्या झाडांवर बांधता येतील. याला वर्गणी लागत नाही, लागतात ती जुनी लुगडी, आणि ती प्रत्येकीच्या घरी असतात!

 ज्यांना पट्टी कशी बांधावी ते पाहायचं असेल त्यांनी पावसाच्या तोंडावर कोणत्याही दुपारी माझ्याकडे अवश्य यावं.