चौकट, बाण आणि पांझरेचं पाणी



"तू कंपनीत नेमकं करतेस तरी काय?" हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा आला. कोड लिहिते, पण त्याआधी बराच वेळ चित्रं काढते. माझ्या जीवशास्त्राच्या वहीतला बेडूक ज्यांनी पाहिलाय, त्यांनी खुशाल हसावं.

ही चित्रं ठरलेल्या खुणांची असतात. पूर्वी प्रत्येक जाणकाराच्या खुणा निराळ्या. जी गोष्ट बूच ढगाने दाखवायचे, तीच रम्बॉ चौकटीने. मग या दोघांनी आणि जेकबसन यांनी आपल्या पद्धती एकत्र केल्या, त्यातून यूएमएल झाली आणि १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली.

उदाहरण आपल्याच भागातलं घेते. धुळे-साक्रीकडे पांझरेवर बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची जुनी फड पद्धत आहे. एका फडात एकच पीक. पाणी पाटकरी देतो, पिकाची राखण जागल्या करतो, देखरेख हवालदाराची. यूएमएलमध्ये हे मांडायचं तर कागदावर तीन उभे पट्टे आखायचे, ज्याचं काम त्याच्या पट्ट्यात. काळ्या ठिपक्यापासून सुरुवात, कामाला गोल कोपऱ्यांची चौकट, पुढे बाण.

गंमत पुढे आहे. 'यंदा पाणी सगळ्या फडांना पुरेल का?' हा निर्णय, म्हणजे चौकोनी हिरा, कोणाच्या पट्ट्यात काढायचा? तिघांपैकी एकाच्याही नाही! कोणता फड पडीक ठेवायचा ते शेतकरी मिळून ठरवतात, म्हणून चौथा पट्टा आखावा लागतो. बोलताना हा पट्टा सहज निसटतो, कागदावर मात्र हिरा अधांतरी दिसतो. आमच्या कामातही निम्मी भांडणं अशा बेवारस हिऱ्यांवरूनच होतात. म्हणून मला या चित्रांचं मोल वाटतं. ती सुबक असण्याची काही गरज नाही.

फडाचे हे नियम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक तोंडीच चालत आले. धरणं झाली, विहिरी वाढल्या, आणि फड मोडत गेले. नियम पाठ असलेली माणसं आता थकली आहेत.

आपल्या वर्गात पांझराकाठचे चौघे-पाचजण आहेत. घरात कोणी पाटकरी होतं का? रात्रीची पाळी कशी लावायची, शेवटच्या शेताला पाणी पोचलं नाही तर दाद कोणाकडे मागायची? जेवणानंतर वरच्या वर्गात बसू. कोरे कागद आणि पेन्सिली मी आणल्या आहेत.