भरपाईचा हिशेब आणि कष्टकऱ्यांचे कागद

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्त्यावर अपघात झाला की आपले कार्यकर्ते दोन गोष्टी तत्परतेने करतात. जखमीला दवाखान्यात पोचवतात आणि पोलिस ठाण्यावर जाऊन गुन्हा नोंदवून घेतात. दोन्ही आवश्यकच आहेत. परंतु तिसरी एक गोष्ट राहून जाते आणि तिची किंमत काही वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मोजावी लागते. ती गोष्ट म्हणजे कागद. निवृत्तीनंतर अशा काही दाव्यांत उत्पन्नाच्या नुकसानीविषयी मी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. हिशेब मांडणे माझे काम. पण हिशेबात घालायचे आकडेच हाती नसले, तर अर्थशास्त्राची पदवी तेथे काय करणार?

हिशेब तसा शाळकरी आहे. वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्यात भविष्यातील वाढ मिळवायची, वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि कमावण्याची शक्ती जितके टक्के गेली तितका भाग काढायचा. गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घालून दिला. वाढीचे प्रमाण घटनापीठाने २०१७ साली ठरवले. आता महिना १२,००० रुपये मिळवणारा, स्वतःचा धंदा करणारा आणि कायमचा निकामी झालेला एक माणूस घ्या. त्याचे वय ३९ असेल तर वाढ ४० टक्के, गुणक १५ आणि रक्कम ३०,२४,००० रुपये. तेच वय ४१ धरले गेले तर वाढ २५ टक्के, गुणक १४ आणि रक्कम २५,२०,००० रुपये. दोन वर्षांच्या फरकाने पाच लाखांवर पाणी! आपल्या वस्त्यांत आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख किती जणांची आहे ते तुम्ही जाणताच. वयाच्या निश्चितीसाठी आधार कार्ड योग्य नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले आहे. माणूस चौथीतून शाळा सोडून गेला असला तरी त्या शाळेच्या रजिस्टरात तो अजून आहे. दाखला तेथून आणावा.

खरी अडचण उत्पन्नाची. २००८ साली कर्नाटकात अपघातात पाय गमावलेल्या एका तरुण भाजीविक्रेत्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली निकाली निघाला. महिना १०,००० मिळत होते, असे त्याचे म्हणणे. कागद नाही म्हणून उच्च न्यायालयाने ३,५०० धरले. असंघटित क्षेत्रात स्वतःचा धंदा करणाऱ्याने उत्पन्नाचे कागद आणावेत तरी कोठून, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने केला आणि ६,५०० धरले. हा निकाल आपल्या बाजूचा आहे, त्याचा आधार अवश्य घ्यावा. पण १०,००० तेव्हाही मिळाले नाहीत आणि सहा वर्षे गेली ती गेलीच.

गरिबाच्या मिळकतीचा कागद नसतो, परंतु खर्चाचा बहुधा असतो. किराणा दुकानातली उधारीची वही, घरभाड्याच्या पावत्या, बचत गटाचे पासबुक, भिशीची नोंद, मुलांची फी, सोने गहाण ठेवल्याची चिठ्ठी. घरात दरमहा इतके खर्च होत होते, कर्ज वाढत नव्हते, म्हणजे मिळकत निदान इतकी होती, असे मला त्यावरून सांगता येते. जोडीला अपघाताच्या दिवशी लागू असलेली किमान वेतनाची अधिसूचना हवी. आजची नव्हे, त्या दिवशीची. माथाडी मंडळात नोंदलेल्या हमालाचे काम त्या मानाने सोपे, कारण १९६९ च्या कायद्यामुळे त्याच्या मजुरीची नोंद मंडळाच्या दप्तरी असते.

येथे एक कबुली द्यायची आहे. एका दाव्यात नोंदणी नसलेल्या हमालाची वर्षभराच्या कमाईची वही मला देण्यात आली. बारा महिने एकच शाई, एकच अक्षर, कोठे खाडाखोड नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी ती चाळून मला एवढेच विचारले, "प्राध्यापकसाहेब, हा गृहस्थ पावसाळ्यातही एक दिवस घरी बसला नाही का?" मला उत्तर देता आले नाही. एका तरुण कार्यकर्त्याने सद्हेतूने ती एका रात्रीत लिहिली होती. वही आधी नीट न पाहण्याची चूक माझी. त्या खोट्या वहीने त्या माणसाची खरी कमाईही संशयात गेली.

ऊसतोडीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. बीड जिल्ह्यातून निघणारे जोडपे म्हणजे एक कोयता. उचल दोघांची मिळून आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून बाई पडून जखमी झाली की तिचे उत्पन्न कागदोपत्री शून्य! उचलीची नोंद, टनामागचा दर, वजनकाट्याच्या पावत्या आणि त्याच टोळीतल्या दुसऱ्या जोडप्यांचे जबाब एवढे मिळाले तर तिचा वाटा दाखवता येतो. शिवाय घरकामाचे मोल वेगळे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्त्रिया बिनमोल घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एका निकालात या आकड्यांची दखल घेतली.

आता डॉक्टरांविषयी. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी त्या अवयवाची की संपूर्ण शरीराची, हे त्यावर स्पष्ट लिहून घ्या. आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या सुताराची कमावण्याची शक्ती पूर्णच गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच मान्य केले. २०१० च्या निकालात हेच तत्त्व विस्ताराने मांडले. पण हा माणूस सुतार आहे की कारकून, हे डॉक्टरांना कोण सांगणार? म्हणून कामाचे एक पानभर वर्णन तयार करावे. पोते किती किलोचे, जिना किती पायऱ्यांचा, उभे किती तास राहावे लागे. एक प्रत डॉक्टरांना, एक मला. जुना आजार असल्यास तोही सांगावा. लपवलेला आजार उलटतपासणीत हमखास बाहेर येतो आणि मग तज्ज्ञाच्या उरलेल्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

औषधांच्या दुकानातल्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. क्ष-किरणाच्या फिल्म घडी न घालता ठेवाव्यात. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, पंचनामा आणि फिर्याद यांच्या मूळ प्रती वा प्रमाणित नकला एका पिशवीत घालून ती पिशवी जखमीच्या घरीच ठेवावी, आपल्या कार्यालयात नव्हे. दाव्यासाठी ६ महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला खरा, पण आपण ६ महिने हेच धरून चालावे आणि पिशवी पहिल्या आठवड्यातच शिवायला घ्यावी.